अडलेलं पाणी

मीराबाई मेश्राम एका संध्याकाळी बोलायच्या थांबल्या, तेव्हा त्यांच्या नवऱ्याच्या मनात पहिली शंका आली ती लकव्याची. एकदा तो येऊन गेला होता. बायको खुर्चीत बसलीय, डोळे उघडे आहेत, आणि चहा ठेवला तरी कपाकडे बघत नाही, हे दृश्य तुळशीरामभाऊंनी आधी पाहिलेलं होतं. खरी गोष्ट वेगळीच होती, पण ती त्यांना दुसऱ्या दिवशी कळली, आणि आम्हाला त्याच्याही नंतर, खुद्द मीराबाईंच्या तोंडून. आमचं आणि त्यांचं घर शंकर नगरच्या मागच्या गल्लीत एका भिंतीनं जोडलेलं आहे.

मीराबाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. लग्न होऊन रायपूरला आल्या, कारण तुळशीरामभाऊ इथे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. संसार रेल्वेच्या क्वार्टरमध्ये झाला. पुढे मीराबाईंना बीरगांवच्या अंगणवाडीत काम मिळालं आणि केस पांढरे होईपर्यंत त्यांनी ते केलं. कारखान्यात काम करणाऱ्यांची मुलं तिथे यायची, कुणी ओडिशाकडचं, कुणी बिहारचं, कुणी जवळच्याच पाऱ्यातलं, म्हणजे वस्तीतलं. मीराबाई सगळ्यांशी एकाच भाषेत बोलायच्या. ती मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी यांची त्यांनी स्वतः केलेली मिसळ होती. त्यातला छत्तीसगढी होकार, ‘हव’, त्यांच्या जिभेवर कायमचा राहिला.

अंगणवाडीत ताटं घासायला मदतनीस होती. तरी तिनं घासलेलं प्रत्येक ताट मीराबाई उजेडात धरून बघायच्या आणि त्यातली निम्मी परत नळाखाली घालायच्या. “पोट्ट्यांच्या पोटात का जाते, ते ताटावरूनच समजते,” असं त्यांचं म्हणणं. मदतनीस चिडायची. घरीही तोच प्रकार. भांड्यांना लावलेली बाई त्यांच्याकडे कधी टिकली नाही, कारण मीराबाईंना दुसऱ्या कुणाच्या हातची भांडी पसंतच पडत नसत.

मागच्या थंडीत त्यांना झटका आला. जीभ काही आठवड्यांत वळायला लागली, पायही बराचसा सुधारला, पण उजवा हात मागे राहिला. बोटं मिटायची, पण मिटल्यावर आपण काय धरलंय हे जणू विसरून जायची.

तुळशीरामभाऊंनी सगळं घर अंगावर घेतलं. स्वयंपाक शिकले, कपडे वाळत घालायला लागले, आणि बायकोला इकडची काडी तिकडे करू देईनात. ती उठायला लागली की हे हातातलं टाकून धावायचे. “बस तू, मी आहो नं.” मीराबाई खिडकीजवळच्या खुर्चीत दिवसचे दिवस बसून राहायच्या. एकदा मी भेटायला गेले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “मी या घरात पाहुणी झाली बाई. पाहुणीले तरी कोणी भाजी निवडाले देते.”

त्यांची मुलगी दीक्षा पुण्यात नोकरी करते. ती सुटीला आली, तेव्हा तिनं बघितलं की बाबा सिंकपाशी वाकून भांडी घासतायत, आणि आई खुर्चीतून ओरडून सांगतेय की कढईच्या कडेला तेल राहिलं. दीक्षा मराठी सगळं समजते, पण तोंड उघडलं की हिंदीच येते. ती म्हणाली, “मम्मी, आप दोनों की ये लड़ाई मैं आज ही ख़त्म करती हूँ.” आणि तिनं भांडी धुण्याचं मशीन मागवलं.

मीराबाईंना ते अजिबात आवडलं नाही. मशीन ज्या दिवशी पहिल्यांदा चाललं, त्या दिवशी त्यांनी एकेक ताट मागून घेतलं आणि त्यावरून डाव्या हाताचं बोट फिरवलं. एका वाटीत भाताचं शीत चिकटलेलं निघालं. आजारपणानंतर त्या पहिल्यांदा मनापासून हसल्या त्या तेव्हाच.

पण रूपाली नावाची मुलगी त्यांच्याकडून हाताचे व्यायाम करून घ्यायला यायची. तिनं एकदा मशीनचं दार उघडून खाली पाडलं, आतली जाळी बाहेर ओढली आणि विचारात पडली. उघडलेलं दार बरोबर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हाताशी येत होतं. “आंटी, ये तो बहुत बढ़िया है,” ती म्हणाली. “उठाओ, घुमाओ, रखो. मैं जो रबर की गेंद देती हूँ, उससे तो ये अच्छा.”

तेव्हापासून मीराबाईंची खुर्ची खिडकीपासून हलली आणि स्वयंपाकघरात गेली. डाव्या हातानं ताट उचलायचं, उजव्या हातानं नुसता आधार द्यायचा, आणि जाळीत उभं करायचं. पहिल्या दिवसांत उजवा हात नावापुरताच होता. मग तो वाटी धरायला लागला. मग पेला. मशीनमध्ये काय घालायचं आणि काय नाही, याचे कायदेही हळूहळू तयार झाले. पितळेचं नाही, लोखंडी कढई नाही. पेल्यांची तोंडं खाली. खरकटं आधी झटकून टाकायचं, पण धुवायचं नाही, नाहीतर मशीन कशाला आहे. इथलं बोअरचं पाणी जड, त्यानं काचेवर पांढरा थर बसतो, म्हणून मशीनचं वेगळं मीठ भरायचं. फवारा मारणाऱ्या पात्याच्या भोकांत काही अडकलं तर सुईनं काढायचं. आणि आठवड्यातून एकदा तळाशी असलेला फिल्टर फिरवून काढायचा, जुन्या ब्रशनं घासायचा, आणि परत बसवताना ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत फिरवायचा. हे सगळं त्या गल्लीतल्या बायकांना अशा थाटात सांगायच्या, की जणू मशीन त्यांनीच बनवलंय.

उन्हाळा चढला. एके दिवशी फिल्टर काढायला वाकलेल्या मीराबाईंना घाम फुटलेला तुळशीरामभाऊंनी बघितला. त्यांनी ते काम काढून घेतलं. “तू वाकू नको. ते मी करत जाईन.” त्याच सुमारास बुद्ध पौर्णिमा जवळ आली होती. दर वर्षी त्यांच्याकडे खीर खायला आख्खी गल्ली जमते, म्हणून भाऊ गोल बाजारातून स्टीलची नवी ताटं घेऊन आले आणि बायकोला आयतीच चकचकीत दाखवावीत म्हणून तिच्या नकळत मशीनमधून धुऊन काढली.

मग ती दुपार आली. भाऊ विहारात गेले होते, पौर्णिमेची तयारी होती. घरात मीराबाई एकट्याच. ओट्यावर कुकरचं रिकामं भांडं होतं. त्यांच्या मनात आलं, की हे आपण उजव्या हातानं उचलून बघावं. नुसत्या उजव्या. कुणी बघत नव्हतं, ‘बस तू’ म्हणणारं कुणी नव्हतं. त्यांनी भांड्याचा कान पकडला, भांडं उचललं, ओट्यावरून खाली मांडीपर्यंत आणलं. आणि मग बोटं विसरली. भांडं सुटलं आणि मशीनच्या उघड्या दारावर धाडकन आदळलं.

त्यांनी ते डाव्या हातानं उचलून जाळीत ठेवलं, दार लावलं आणि बटण दाबलं. मशीन नेहमीसारखं सुरू झालं. त्यांचा जीव भांड्यात पडला. पण थोड्या वेळानं मशीन घरघरलं, अडखळलं, आणि टी टी करत बंद पडलं. दार उघडून बघितलं तर तळाशी तेलकट, गढूळ पाणी साचलेलं. त्यात हळदीचा रंग. ते पाणी जागचं हलत नव्हतं.

मीराबाईंनी दार लावलं, भिंतीला धरत धरत बाहेरच्या खोलीत आल्या आणि खिडकीजवळ दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसल्या.

भाऊ परत आले ते या दृश्यात. “चहा घेते का?” उत्तर नाही. “मशीन काहून वाजून राहिली?” उत्तर नाही. जेवायला दोन घास, तेही खाली मान घालून. सकाळीही तसंच. हाक मारली की बघायच्या आणि नजर वळवायच्या. भाऊंनी रूपालीला फोन केला. तिनं सांगितलं तसं त्यांनी बायकोला हात वर करायला लावले, हसायला लावलं. हात वर झाले. हसणं काही झालं नाही. मग त्यांनी रिक्षा बोलावली आणि थेट डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी सावकाश तपासलं. नाव विचारलं, वार विचारला, बोट नाकाला लावायला सांगितलं. मीराबाईंनी सगळं बरोबर केलं, बरोबर सांगितलं. जीभ कुठे अडखळली नाही. डॉक्टर भाऊंकडे वळून म्हणाले, “इनको कुछ नहीं हुआ है. बीपी भी अच्छा है. घर में कोई बात हुई है क्या?”

“घर में तो हम दोनों ही हैं,” भाऊ म्हणाले.

“तो फिर पूछिए इनसे.”

बाहेर ऊन मी म्हणत होतं. दवाखान्याच्या कोपऱ्यावर उसाच्या रसाची गाडी होती, तिच्या कापडाखाली एक बाकडं. भाऊंनी बायकोला तिथे बसवलं, रसाचा पेला तिच्या डाव्या हातात दिला आणि स्वतः शेजारी बसले. पेला अर्धा झाल्यावर मीराबाईच बोलल्या.

“मशीन माह्या हातानं मोडली.”

भाऊंना पहिल्यांदा समजलंच नाही. “कोणती मशीन?”

“भांड्याची. कुकर उचलाले गेली. सुटला हातातून, दारावर आपटला. मंग पाणीच नाही गेलं तिच्यातलं.”

“मंग सांगाचं नव्हतं?”

मीराबाईंनी पेला बाकावर ठेवला. “सांगून का होणार होतं? तुमी म्हणसान, बस तू, मी आहो नं. भाजी काढून घेतली, झाडू काढून घेतला, फिल्टर काढून घेतला. आता तिथूनबी उठवान. मंग मी दिवसभर कोठी बसू?”

भाऊ चरकातून निघणाऱ्या उसाच्या चोथ्याकडे बघत राहिले. त्यांना एकदम हलकं वाटत होतं, कारण बायकोला झटका आलेला नव्हता. आणि त्याच वेळी कुणीतरी छातीवर बोट ठेवून दाबावं तसंही वाटत होतं. शेवटी ते म्हणाले, “मी तं समजलो, तुही वाचा गेली.”

“वाचा कोठी जाते माही,” मीराबाई म्हणाल्या.

भाऊ हसले. हसता हसता त्यांनी रुमाल काढला आणि तोंड पुसण्याच्या निमित्तानं डोळे पुसले. “चाल घरी. दोघं मिळून पाहू का झालं तं.”

घरी येऊन त्यांनी कंपनीला फोन लावला. माणूस पौर्णिमा झाल्यावर येईल असं उत्तर मिळालं. मग दीक्षाला व्हिडिओ कॉल. तिची जेवणाची सुटी होती. भाऊंनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. मीराबाईंची खुर्ची मशीनसमोर आणली. ती भाऊंनी स्वतःच्या हातानं आणून ठेवली, हे मीराबाईंनी मला सांगताना दोनदा सांगितलं.

“पहले प्लग निकालो, पापा. फिर पानी का नल बंद करो,” दीक्षा म्हणाली.

भाऊंनी प्लग काढला, नळ बंद केला. मग वाटीनं साचलेलं पाणी बादलीत काढलं, उरलेलं स्पंजनं टिपून घेतलं. वास असा होता की दोघांनीही नाकाला पदर आणि रुमाल लावला. दीक्षा म्हणाली, “अब फ़िल्टर घुमा के निकालो.” भाऊंनी फिल्टरला हात घातला आणि तो सरळ वर आला.

मीराबाई पुढे वाकल्या. “फिरवल्याबिना कसा निघाला?”

“निघाला.”

“टक् आवाज आला होता का, बसवला तेव्हा?”

भाऊ आठवू लागले. आवाज आल्याचं काही त्यांना आठवेना. दीक्षानं सांगितलं, की फिल्टर सैल राहिला तर त्याच्या बाजूनं कचरा खाली पंपात उतरतो. आता खाली एक छोटं झाकण दिसेल, ते खेचून काढायचं, आत पंपाची चक्री आहे, ती अडकलीय का बघायचं. मात्र काच असू शकते, हातमोजा घालायचा.

भाऊंची बोटं जाड. हातमोजा घातल्यावर तर ती त्या खळग्यात उतरेचनात. दोनदा झाकण निसटलं. मग मीराबाईंनी हातमोज्यासाठी हात पुढे केला. भाऊंच्या ओठांवर ‘बस तू’ आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि हातमोजा देऊन टाकला.

मीराबाई खुर्चीतून उतरून पाटावर बसल्या आणि डावा हात आत घातला. खोलवर पोचण्यासाठी त्यांना पुढे झुकावं लागलं, म्हणून त्यांनी उजवा तळवा मशीनच्या कडेवर टेकला आणि अंगाचा भार त्यावर टाकला. झाकण निघालं. त्यांनी आत बोटानं चाचपलं. “काही लागून राहिलं. काच नाही. नरम आहे.” हळूहळू त्यांनी ते ओढून काढलं. चुरगळलेलं, चिकट, प्लास्टिकच्या चिंधीसारखं काहीतरी. पुन्हा हात घातला, त्याचा दुसरा तुकडा निघाला. तिसराही निघाला. त्यांनी एक तुकडा गुडघ्यावर ठेवून सपाट केला. सोनेरी रंगाचं स्टिकर होतं. अर्धंच होतं, पण त्यावरचा ‘गॅरंटी’ हा शब्द पूर्ण वाचता येत होता.



“नवी ताटं मशीनमंदी कोणं टाकली?” मीराबाईंनी विचारलं.

“मी.”

“स्टिकर काढले होते?”

“गरम पाण्यानं आपोआप निघतीन, असं वाटलं.”

“निघाले,” मीराबाई म्हणाल्या.

फोनमधून दीक्षाच्या हसण्याचा आवाज आला. ती इतकी हसली की तिच्या ऑफिसातलं कुणीतरी येऊन विचारून गेलं. भाऊ मान खाली घालून बसले होते, पण त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं की तेही हसतायत. मीराबाईंनी चमच्याच्या दांड्यानं पंपाची चक्री ढोसली. ती आधी अडली, मग गर्रकन फिरली. झाकण बसवलं. फिल्टर त्यांनी स्वतः बसवला आणि फिरवला. टक्.

“हे असं,” त्या म्हणाल्या.

नळ उघडला, प्लग लावला, दीक्षानं सांगितलं ते बटण दाबलं. दोघंही दाराला कान लावल्यासारखे बसून राहिले. आत पाणी आलं, फिरलं. मग थोडं थांबलं. आणि सिंकखालच्या नळीतून गडगड गडगड करत पाणी निघून गेलं. बाहेर मोरीच्या जाळीवर ते पडल्याचा आवाज माझ्याही घरात आला. मला तेव्हा त्याचं काही कौतुक कळलं नाही. पाठोपाठ मीराबाईंचं हसणं ऐकू आलं, ते मात्र कळलं.

कुकर आपटला होता त्या जागी दारावर नखाएवढा ओरखडा होता. दार नीट लागत होतं, नीट उघडत होतं. कुकरचा आणि बिघाडाचा काही संबंध नव्हता. भाऊंनी तो ओरखडा अंगठ्यानं पुसून बघितला, आणि मग त्यांना काहीतरी सुचल्यासारखं झालं.

“मीरा, कुकर तू उचलला होता?”

“हव.”

“उजव्या हातानं?”

“हव.”

“एकट्या उजव्या?”

“सांगून तं राहिली. मांडीपर्यंत आणला, मंग सुटला.”

भाऊ तिथेच फरशीवर बसले. कुकर उचलल्याचं त्यांनी रसाच्या गाडीपाशीच ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ त्यांना आत्ता लागत होता. ज्या हाताला वाटी जड व्हायची, त्या हातानं कुकर उचलला होता. आणि थोड्या वेळापूर्वी त्याच तळव्यावर सगळा भार टाकून ती वाकली होती. त्यांनी ताबडतोब रूपालीला फोन लावला. रूपालीनं तेच प्रश्न पुन्हा विचारले आणि शेवटी म्हणाली, “कल आती हूँ. मेरे सामने उठाना, नीचे गादी बिछा के.”

त्या दिवसापासून घरातली कामं नव्यानं वाटली गेली. फिल्टर मीराबाईंकडे परत गेला. भाजी निवडणंही आलं. भाऊंना मशीनमध्ये मीठ भरायची परवानगी मिळाली, तीही बायकोसमोर. नव्या ताटांवर अजून काही स्टिकरं अर्धवट चिकटलेली होती. पौर्णिमेच्या आदल्या दुपारी भाऊ पायरीवर बसून एकेका ताटाला खोबरेल तेल लावून ती नखानं खरवडत होते. येणारा जाणारा विचारायचा, आणि प्रत्येकाला ते स्वतःच सगळी हकिगत सांगायचे, स्वतःची फजिती जराही न लपवता. पौर्णिमेला गल्लीतल्या सगळ्यांनी त्या ताटांत खीर खाल्ली. संध्याकाळी मशीन एकामागून एक दोन खेपा चाललं आणि दोन्ही वेळा पाणी बिनतक्रार निघून गेलं.

तुळशीरामभाऊंनी मला नंतर एक गोष्ट सांगितली. बायको आजारी पडल्यापासून ते रोज पहाटे उठले की आधी तिच्याजवळ जायचे आणि वाकून तिचा श्वास चालू आहे का ऐकायचे. त्याशिवाय चहाचं आधण ठेवायचा धीर व्हायचा नाही. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्यांना जाग आली, तेव्हा शेजारची खाट रिकामी होती. ते उठून बसले. स्वयंपाकघरातून ताटं एकमेकांना लागल्याचा आवाज येत होता. मीराबाई रात्रीची धुतलेली भांडी काढून मांडणीत लावत होत्या, आणि मध्येच कुठल्यातरी वाटीला नावं ठेवत होत्या.

भाऊंनी काही क्षण ते ऐकलं. मग पुन्हा आडवे झाले, कूस बदलली, आणि ऊन खिडकीत येईपर्यंत गाढ झोपले.